नोकरकपातीनंतर : कायदेशीर हक्क, बेरोजगारी भत्ता आणि नव्या रोजगाराचा शोध

मागणीतील घट, कंपन्यांचे विलीनीकरण, तंत्रज्ञानातील बदल किंवा खर्च कमी करण्याचे धोरण, अशा कारणांनी एखाद्या आस्थापनेतील मनुष्यबळ कमी करण्यात येते, तेव्हा त्यास सर्वसाधारणपणे नोकरकपात असे संबोधले जाते. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील गिरणी कामगारांनी, १९९० च्या दशकात स्वेच्छानिवृत्ती योजनांमुळे कारखान्यांतील कामगारांनी, २००८ च्या जागतिक मंदीत माहिती तंत्रज्ञान व विमान वाहतूक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांनी आणि २०२० च्या टाळेबंदीत जवळजवळ सर्वच क्षेत्रांनी या संकटाचा अनुभव घेतला आहे.

सर्व बेरोजगारांना दरमहा ठरावीक भत्ता देणारी एकच यंत्रणा भारतात अस्तित्वात नाही. मिळणारे साहाय्य कपातीची भरपाई, उपदान, भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा आणि आयकरातील सूट असे विखुरलेले आहे. यांपैकी अनेक लाभ एकाच प्रश्नावर अवलंबून असतात : नोकरी कोणत्या कारणाने सुटली, आणि त्याची कागदोपत्री नोंद काय आहे? त्यामुळे कपातीची सूचना मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत कर्मचारी कोणत्या कागदावर स्वाक्षरी करतो, यावर त्याच्या पुढील अनेक महिन्यांची आर्थिक स्थिती ठरू शकते.

कामबंदी, कपात आणि राजीनामा

बोलीभाषेत ‘ले-ऑफ’ हा शब्द सरसकट वापरला जातो. कायद्यात मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. कोळसा, वीज वा कच्च्या मालाचा तुटवडा, यंत्रातील बिघाड किंवा मालाचा साठा पडून राहणे अशा कारणांनी मालक काही काळ काम देऊ शकत नाही, तेव्हा त्यास कामबंदी म्हणजे ‘ले-ऑफ’ म्हणतात. यात नोकरी संपत नाही. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या बिगरहंगामी कारखान्यात, खाणीत वा मळ्यात एक वर्षाची अखंड सेवा झालेल्या कामगारास कामबंदीच्या काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम देणे बंधनकारक आहे. बारा महिन्यांत ४५ दिवसांनंतरची कामबंदी वेगळ्या अटींच्या अधीन असते.

नोकरी कायमची संपुष्टात आणणे म्हणजे कामगार कपात. शिस्तभंगाच्या शिक्षेखेरीज अन्य कोणत्याही कारणाने मालकाने केलेली सेवासमाप्ती तीत मोडते. स्वेच्छानिवृत्ती, नियत वयोमानानुसार निवृत्ती आणि ठरावीक मुदतीच्या कराराची मुदत संपणे यांचा मात्र तीत समावेश होत नाही.

तिसरा प्रकार राजीनाम्याचा. काही आस्थापनांत कर्मचाऱ्यास बोलावून, ‘कपातीचे पत्र घेतल्यास पुढे नोकरी मिळणे कठीण जाईल, त्यापेक्षा राजीनामा द्या’ असे सुचविले जाते. राजीनामा ही कर्मचाऱ्याची स्वतःची कृती मानली जात असल्याने कपातीच्या भरपाईवरील त्याचा दावा त्यामुळे दुबळा होतो. म्हणून अशा वेळी तत्काळ स्वाक्षरी न करता विचारासाठी मुदत मागावी आणि प्रस्ताव लेखी स्वरूपात घ्यावा. दडपणाखाली राजीनामा द्यावा लागलाच, तर त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी घडलेला प्रकार ई-मेलद्वारे किंवा नोंदणीकृत डाकेने व्यवस्थापनास कळवावा. पुढे वाद निर्माण झाल्यास ही समकालीन नोंद उपयोगी पडते.

कायद्याने मिळणारी रक्कम

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या असून औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आहे. काही तरतुदींची कार्यपद्धती केंद्र व राज्य शासनांच्या नियमांवर अवलंबून आहे. मुख्य हक्क पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला हक्क सूचनेचा. एक वर्षाची अखंड सेवा झालेल्या कामगारास कारणे नमूद केलेली एक महिन्याची लेखी सूचना किंवा त्याऐवजी तेवढ्या काळाचे वेतन देणे आवश्यक आहे. ३०० किंवा अधिक कामगार असलेले कारखाने, खाणी व मळे यांना कपातीपूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागते आणि तेथे सूचनेचा कालावधी तीन महिन्यांचा असतो.

दुसरा हक्क भरपाईचा. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन ही किमान भरपाई आहे. सहा महिन्यांपेक्षा अधिक असलेला उर्वरित काळ पूर्ण वर्ष धरला जातो. ही रक्कम कपातीच्या वेळीच देणे अपेक्षित असून ती वैध कपातीची पूर्वअट आहे.

तिसरा हक्क क्रमाचा. विशिष्ट प्रवर्गातील कामगारांपैकी जो सर्वांत शेवटी रुजू झाला, त्याची कपात सर्वप्रथम करावी, असे तत्त्व आहे. वेगळा क्रम अवलंबावयाचा झाल्यास मालकाने कारणांची नोंद करणे आवश्यक असते. कपातीनंतर एक वर्षाच्या आत त्याच आस्थापनेत भरती झाल्यास कपात झालेल्या कामगारांना अर्ज करण्याची संधी व प्राधान्य द्यावे लागते. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधीचीही तरतूद आहे. तीनुसार कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या अखेरच्या वेतनाइतकी रक्कम या निधीत भरावयाची असून ती कपातीपासून ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा होणे अपेक्षित आहे.

हे हक्क ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना लागू होतात. अंगमेहनतीचे, कुशल, अकुशल, तांत्रिक, कार्यचालनाचे व लिपिकीय काम करणारे या व्याख्येत येतात. प्रामुख्याने व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारे, तसेच दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक तीत येत नाहीत. न्यायालये पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहतात. त्यामुळे पत्रावर ‘मॅनेजर’ असे लिहिले असले, तरी हाताखाली कोणी नसलेल्या आणि स्वतः तांत्रिक काम करणाऱ्या व्यक्तीने आपला हक्क नाही असे परस्पर गृहीत धरू नये. व्याख्येबाहेरील अधिकाऱ्यांना नियुक्तिपत्रातील सूचना-कालावधी व कराराच्या अटींचा आधार घ्यावा लागतो.

उपदान म्हणजेच ग्रॅच्युइटी हा स्वतंत्र हक्क असून त्यासाठी कामगार असण्याची अट नाही. साधारणपणे पाच वर्षांची अखंड सेवा झालेल्या कर्मचाऱ्यास, नोकरी राजीनाम्याने सुटो वा कपातीने, उपदान मिळते. ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांना सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एक वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर उपदान देय आहे. ही रक्कम ३० दिवसांत द्यावयाची असते व विलंब झाल्यास व्याज आकारले जाते. थकीत वेतनासंबंधी वेतन संहितेतील तरतूद अधिक कडक आहे. कपात वा राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत ते अदा करणे आवश्यक आहे.

हिशेबाचे एक उदाहरण

एखाद्या कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा २६,००० रुपये आणि सेवा ८ वर्षे ७ महिने आहे असे समजू. उपदानासाठी मासिक वेतनास २६ ने भागून १५ ने गुणले जाते, म्हणजे १५,००० रुपये. सात महिने हे पूर्ण वर्ष धरल्याने सेवा ९ वर्षांची होते आणि उपदान १,३५,००० रुपये होते. कपातीच्या भरपाईसाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन म्हणजे निम्मे मासिक वेतन धरल्यास १३,००० रुपये होतात. ९ वर्षांचे १,१७,००० रुपये. सूचना दिली नसल्यास एक महिन्याचे २६,००० रुपये निराळे. एकूण रक्कम २,७८,००० रुपये होते. थकीत वेतन आणि शिल्लक रजेचा मोबदला याव्यतिरिक्त मिळावयाचा असतो.

याच कामगाराने राजीनामा दिला असता, तर उपदानाचे १,३५,००० रुपये कायम राहिले असते. उर्वरित १,४३,००० रुपयांवरील दावा मात्र धोक्यात आला असता. एका स्वाक्षरीचे मोल यावरून लक्षात येईल.

बेरोजगारी भत्ता

कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगारांसाठी बेरोजगारी भत्त्याची सोय आहे. २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी या विम्याच्या कक्षेत येतात. वेतनातून ०.७५ टक्के वर्गणी कापली जात असल्याची नोंद वेतनचिठ्ठीवर असते. अनेक कामगारांना ही कपात ठाऊक असते, परंतु तिच्या आधारे बेरोजगारीत रोख भत्ता मिळू शकतो याची कल्पना नसते.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ रोजी सुरू झाली. प्रारंभी तीत सरासरी दैनिक उत्पन्नाच्या २५ टक्के भत्ता मिळत असे. २०२० च्या टाळेबंदीनंतर हे प्रमाण ५० टक्के करण्यात आले, बेरोजगारीचे ३० दिवस पूर्ण झाल्यावर दावा करण्याची मुभा देण्यात आली आणि मालकामार्फत अर्ज पाठविण्याची अटही काढून टाकण्यात आली. भत्ता जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी व आयुष्यात एकदाच मिळतो. दरमहा १८,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराचे दैनिक उत्पन्न सरासरी ६०० रुपये धरल्यास त्यास प्रतिदिन ३०० रुपये, म्हणजे ९० दिवसांचे कमाल २७,००० रुपये मिळू शकतात.

त्यासाठी बेरोजगारीपूर्वी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी, तसेच लगतच्या वर्गणी कालावधीत व त्यापूर्वीच्या आणखी एका कालावधीत प्रत्येकी किमान ७८ दिवसांची वर्गणी आवश्यक आहे. गैरवर्तणुकीची शिक्षा, नियत वयोमानानुसार निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती यांमुळे नोकरी सुटली असल्यास भत्ता मिळत नाही. आधार क्रमांक व बँक खाते विमा नोंदणीशी जोडलेले असावे. योजनेची मुदत वेळोवेळी वाढविण्यात येत असल्याने अर्जापूर्वी महामंडळाच्या शाखा कार्यालयात सद्यस्थितीची खात्री करावी.

त्यापूर्वीच, १ एप्रिल २००५ रोजी, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू करण्यात आली होती. कारखाना बंद पडणे किंवा कायदेशीर कपात या कारणांनी बेरोजगार झालेल्या विमाधारकास २४ महिन्यांपर्यंत भत्ता देण्याची तरतूद तीत करण्यात आली. कपातीचे अधिकृत पत्र हाती असलेल्या कामगाराने शाखा कार्यालयात दोन्ही योजनांबाबत विचारणा करावी.

विम्याचे वैद्यकीय लाभही नोकरी सुटताच संपत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर या कालावधीतील वर्गणीच्या आधारे पुढील जानेवारी ते जून, तर ऑक्टोबर ते मार्चमधील वर्गणीच्या आधारे पुढील जुलै ते डिसेंबर असा लाभ कालावधी ठरतो. त्यामुळे विम्याचे ओळखपत्र जपून ठेवावे.

भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन

डिसेंबर २०१८ पासूनच्या नियमानुसार एक महिन्याच्या बेरोजगारीनंतर निधीतील ७५ टक्के व दोन महिन्यांनंतर उर्वरित रक्कम काढता येत असे. केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी या व्यवस्थेत बदल करण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार ७५ टक्के रक्कम तत्काळ मिळावी, उर्वरित २५ टक्के किमान शिल्लक म्हणून राहावी व संपूर्ण रक्कम १२ महिन्यांच्या बेरोजगारीनंतर काढता यावी, असे ठरले. निवृत्तिवेतन योजनेतील रक्कम काढण्याची प्रतीक्षाही दोन महिन्यांवरून ३६ महिन्यांवर नेण्यात आली. दाव्यापूर्वी निधी संघटनेच्या संकेतस्थळावर लागू असलेली अट पाहून घ्यावी.

निधी काढता येतो, याचा अर्थ तो काढलाच पाहिजे असा नाही. वर्गणी थांबली तरी शिल्लक रकमेवर व्याज मिळत राहते. नवी नोकरी मिळाल्यावर सार्वत्रिक खाते क्रमांक तोच ठेवून जुनी रक्कम नव्या खात्यात वर्ग करता येते.

निवृत्तिवेतनाबाबत अधिक सावधगिरी बाळगावी. एकूण १० वर्षांची सेवा पूर्ण झाल्यास वयाच्या ५८ व्या वर्षापासून आजीवन निवृत्तिवेतनाचा हक्क प्राप्त होतो. सात-आठ वर्षांच्या सेवेनंतर योजनेतील अल्प रक्कम काढून घेतल्यास ती सेवा गणनेतून बाद होते. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतल्यास पुढील नोकरीतील सेवा पूर्वीच्या सेवेस जोडली जाते.

मालकाने नोकरी सोडल्याचा दिनांक नोंदविला नाही, तर दावा अडकून पडतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्यास स्वतःही ही नोंद करता येते. कारणाच्या रकान्यात वस्तुस्थितीच नोंदवावी.

आयकराचा प्रश्न

कायद्यानुसार मिळालेली कपातीची भरपाई ५ लाख रुपयांच्या मर्यादेपर्यंत करमुक्त आहे. खासगी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी उपदानाची करमुक्त मर्यादा २० लाख रुपये, तर नोकरी सुटताना मिळणाऱ्या रजेच्या मोबदल्याची मर्यादा २०२३ पासून २५ लाख रुपये आहे. या मर्यादा आयुष्यभरातील एकूण रकमेस लागू होतात. सूचना-कालावधीऐवजी मिळालेले वेतन मात्र करपात्र असते.

पाच वर्षांची अखंड सेवा होण्यापूर्वी भविष्य निर्वाह निधी काढल्यास रक्कम करपात्र ठरते. तथापि मालकाचा व्यवसाय आकुंचन पावल्याने वा बंद पडल्याने, आजारपणामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील कारणाने नोकरी सुटली असल्यास ही अट लागू होत नाही. येथेही कागदावरील कारणच निर्णायक ठरते.

पहिल्या आठवड्यात करावयाची कामे

कार्यालयीन ई-मेल व संगणक प्रणाली बंद होण्यापूर्वी नियुक्तिपत्र, पदोन्नतीची व वेतनवाढीची पत्रे, किमान वर्षभराच्या वेतनचिठ्ठ्या आणि करकपातीची प्रमाणपत्रे यांच्या प्रती स्वतःकडे घ्याव्यात. आस्थापनेची गोपनीय माहिती, ग्राहकांच्या याद्या वा संगणकीय आज्ञावली मात्र सोबत नेऊ नये. त्यामुळे कर्मचाऱ्याचीच बाजू कमकुवत होते.

सेवामुक्तीचे पत्र, अनुभवपत्र, अंतिम हिशेबाचे विवरण आणि कपातीचे कारण नमूद केलेले पत्र लेखी मागून घ्यावे. ‘सर्व येणे मिळाले, कोणताही दावा उरलेला नाही’ अशा मजकुरावर रक्कम प्रत्यक्ष खात्यात जमा होण्यापूर्वी स्वाक्षरी करू नये. हिशेब अमान्य असल्यास ‘हक्क अबाधित राखून स्वीकारले’ असा शेरा लिहून स्वाक्षरी करावी व त्याची प्रत ठेवावी. प्रसूती रजेवर असलेल्या महिलेस त्या काळात सेवेतून कमी करणे बेकायदेशीर आहे, हेही ध्यानात ठेवावे.

घरखर्च, कर्ज आणि आरोग्य विमा

एकरकमी भरपाई ही कमी झालेल्या मासिक वेतनाची जागा घेणारी रक्कम आहे. ती हाती येताच वाहन, लग्नकार्य किंवा अननुभवी धंद्यात गुंतविण्याचा मोह टाळावा. घरभाडे, शिधा, वीज, शाळेचे शुल्क व औषधे असा किमान मासिक खर्च काढून उपलब्ध रक्कम किती महिने पुरेल याचा हिशेब कागदावर मांडावा.

गृहकर्जाचा हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेस लेखी कळवून मुदतवाढ वा हप्त्यांच्या पुनर्रचनेची विनंती करावी. हप्ता थकल्यानंतर केलेल्या विनंतीपेक्षा आधी केलेल्या विनंतीचा विचार होण्याची शक्यता अधिक असते. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरील व्याज सर्वाधिक असल्याने घरखर्चासाठी त्याचा आधार घेऊ नये.

कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा बहुधा कामाच्या अखेरच्या दिवशी संपुष्टात येतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक योजनेत स्थलांतर करण्याची सोय आहे. तसे केल्यास पूर्वी पूर्ण झालेल्या प्रतीक्षा कालावधीचा लाभ कायम राहू शकतो. त्यासाठी सामूहिक विमा चालू असतानाच अर्ज करणे हितावह ठरते. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. परराज्यातून गावी परतलेल्या कुटुंबांना ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेमुळे कोणत्याही राज्यात आपल्या हक्काचे धान्य उचलता येते.

दाद कोठे मागावी

कर्मचारी मूळचा कोणत्या राज्याचा आहे, यावर दाद मागण्याचे ठिकाण ठरत नाही. बंगळुरू, हैदराबाद, इंदूर वा सुरत येथे काम करणाऱ्या मराठी कर्मचाऱ्यास सामान्यतः त्या राज्याच्या कामगार खात्याकडेच जावे लागते. रेल्वे, बँका, विमा, खाणी, दूरसंचार व केंद्र सरकारचे उपक्रम यांतील विवाद केंद्रीय यंत्रणेच्या अखत्यारीत येतात. गावी परतण्यापूर्वीच तक्रार दाखल करून पोच घेणे म्हणूनच सोयीचे असते.

कपातीविरुद्ध प्रथम समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. समेट न झाल्यास औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते. औद्योगिक संबंध संहितेनुसार ही कार्यवाही सुरू करण्यासाठी वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांची मर्यादा आहे. उपदानासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे स्वतंत्र अर्ज करता येतो. औद्योगिक कामगारास विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये मोफत विधी साहाय्याचा हक्क असून १५१०० या क्रमांकावर त्याची माहिती मिळते.

नव्या कामाचा शोध

केंद्रीय श्रम मंत्रालयाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय करिअर सेवा संकेतस्थळावर देशातील कोणत्याही भागातून विनामूल्य नोंदणी करता येते. महाराष्ट्रात पूर्वीची सेवायोजन कार्यालये आता कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे या नावाने काम करतात आणि ‘महास्वयम्’ संकेतस्थळावरून रोजगार मेळाव्यांची माहिती देतात.

केवळ जाहिरातींवर विसंबून राहू नये. पूर्वीचे सहकारी, पुरवठादार, ग्राहक आणि इतरत्र गेलेले वरिष्ठ यांच्याकडून रिक्त जागांची माहिती अनेकदा जाहिरातीपूर्वीच मिळते. नोकरी गेल्याचे लपविण्यापेक्षा आपण कोणते काम करू शकतो, हे अशा परिचितांना नेमक्या शब्दांत कळविणे उपयुक्त ठरते. मोठ्या कंपनीत भरती थांबली असताना औद्योगिक वसाहतींतील लहान व मध्यम उद्योगांना हिशेब, देखभाल, गुणवत्ता तपासणी वा खरेदी सांभाळणाऱ्या अनुभवी माणसाची गरज असू शकते. १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत अतिरिक्त कर्मचारी नेमणाऱ्या मालकांना प्रोत्साहनपर रक्कम देण्याची तरतूद आहे.

परिचयपत्रात पदनामांच्या यादीपेक्षा केलेल्या कामाचा तपशील असावा : किती यंत्रांची देखभाल केली, किती लोकांचे काम पाहिले, कोणता खर्च कमी केला. मुलाखतीत नोकरी का सुटली असे विचारल्यास एका वाक्यात खरे उत्तर द्यावे. ‘विभाग बंद करण्यात आला, त्यात माझे पद गेले’ एवढे पुरेसे आहे. जुन्या मालकाबद्दलची कटुता तेथे व्यक्त करू नये. सेवाकाळ वाढवून सांगणेही टाळावे. निधीच्या खात्यावरून नोकरीचे दिनांक पडताळले जातात.

नोकरी सोडल्यानंतर ठरावीक काळ प्रतिस्पर्धी कंपनीत काम करता येणार नाही, असे कलम काही करारांत असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायावर निर्बंध घालणारा करार सर्वसाधारणपणे शून्यवत् आहे. गोपनीयतेचे बंधन मात्र नोकरीनंतरही कायम राहते.

नवे कौशल्य शिकताना आधी इच्छित पदाच्या दहा-पंधरा जाहिराती वाचून त्यांत वारंवार मागितलेले कौशल्य कोणते ते पाहावे आणि मगच अभ्यासक्रम निवडावा. भरपाईची मोठी रक्कम महागड्या अभ्यासक्रमावर खर्च करण्यापूर्वी शासकीय कौशल्य केंद्रांतील अल्प मुदतीच्या प्रशिक्षणाचा विचार करावा. स्वतःचा व्यवसाय सुरू करावयाचा झाल्यास २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेतून विनातारण कर्ज मिळू शकते. परंतु ज्या व्यवसायाचा पूर्वानुभव नाही, त्यात घराची संपूर्ण शिल्लक गुंतवू नये.

फसवणुकीपासून सावध

नोकरी गेलेल्या व्यक्तीची निकड हेरून फसवणूक करणारे अनेक असतात. मुलाखत न घेता नियुक्तिपत्र, नोंदणी वा प्रशिक्षणाच्या नावाखाली आगाऊ पैसे, मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक विचारणे, ही फसवणुकीची लक्षणे होत. अलीकडे आग्नेय आशियात संगणकावरील नोकरीचे आमिष दाखवून नेलेल्या भारतीय तरुणांना सायबर गुन्हेगारीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा प्रतिनिधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का, हे आधी तपासावे. पर्यटन व्हिसावर नोकरीसाठी जाऊ नये. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

कुटुंब आणि मनःस्वास्थ्य

रोज डबा घेऊन घराबाहेर पडायचे आणि संध्याकाळी परतायचे, घरी मात्र काही सांगायचे नाही, असे करणारे अनेक जण असतात. त्यामागे लज्जेची भावना असते. परंतु खर्चाचे निर्णय घरातील सर्वांनी मिळून घ्यावयाचे असल्याने ही बाब लपवून ठेवणे आर्थिकदृष्ट्याही घातक ठरते. पती वा पत्नीस पहिल्याच दिवशी सांगावे, मुलांना त्यांच्या वयास झेपेल अशा शब्दांत कल्पना द्यावी. कपात हा आस्थापनेचा निर्णय असतो. त्यावरून व्यक्तीची योग्यता ठरत नाही.

दिवसाचे वेळापत्रक कायम ठेवावे. सकाळचे काही तास अर्ज व भेटीगाठींसाठी, दुपार शिक्षणासाठी आणि संध्याकाळ घरासाठी अशी विभागणी केल्यास मनावरील ताण हलका होतो. झोप न लागणे, सतत निराशा किंवा जीवन संपविण्याचे विचार येत असल्यास ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य समुपदेशन उपलब्ध आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून मराठीतूनही बोलता येते.

नवी नोकरी मिळण्यास किती काळ लागेल, हे कर्मचाऱ्याच्या हाती नसते. जुन्या नोकरीचा हिशेब नीट मिटविणे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते. स्वाक्षरीपूर्वी प्रत्येक कागद वाचणे, कारण लेखी घेणे, प्रत्येक अर्जाची पोच ठेवणे आणि मुदतीच्या आत दावा करणे, एवढी दक्षता घेतल्यास हक्काची रक्कम पदरी पडते आणि मिळेल ते काम नाइलाजाने स्वीकारण्याऐवजी योग्य कामाची वाट पाहण्याइतका अवधी कुटुंबास लाभतो.